पायावर वीस किलो

माझ्या धाकट्या भावाचा पाय उभारीने मोडला आणि माझ्या एका शब्दाने नासला. पहिली गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. दुसरी फक्त दोघांना: मला आणि त्याच्या बायकोला. ती तिसऱ्या माणसाला सांगावी की नाही, हे ठरवायला मला तो गेल्यानंतर अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांचा हिशेब मला स्वतःपाशी लागत नाही, म्हणून लिहितो आहे. लिहायला वेळ लागतो. एखादं वाक्य झालं की मी उठतो, पाणी पितो, पुन्हा बसतो.

उभारी म्हणजे बैलबंडीच्या कडेला उभा खोचलेला बाभळीचा दांडा. मनगटाएवढा जाड, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. तो उपसायला क्षणही लागत नाही. आमच्याकडच्या भांडणात कुऱ्हाड घरून आणावी लागते, उभारी जागेवरच असते.

आमचं गाव तेलंगणात, भीमपूरच्या पुढे, नदीकाठाला. पलीकडे महाराष्ट्र दिसतो. आमच्या बापाने एका मोठ्या शेतकऱ्याकडे जन्मभर सालदारकी केली आणि त्याच मालकाच्या वावराला लागून असलेली दोन एकर जमीन उतारवयात बापाच्या नावावर झाली. मी शिकलो, आदिलाबादला मराठी शाळेत मास्तर झालो. भाऊ चौथीनंतर शाळेत गेला नाही. तो ती दोन एकर कसायचा. बाप गेला, आई गेली, आणि मालक दरवर्षी ट्रॅक्टरने मधला धुरा, म्हणजे बांध, हातभर आमच्याकडे सरकवत राहिला. यंदा भावाने दोरी धरून माप घेतलं आणि धुऱ्याचे दगड पुन्हा जुन्या जागी नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आला.

मी तिथे नव्हतो. जे सांगतो ते भावाने दवाखान्यात सांगितलेलं आहे, आणि काही त्याच्या बायकोने. ती दहा तासं, म्हणजे दहा ओळी, पलीकडे कापूस वेचत होती.

"पहिला फटका पाठीत बसला, दादा," भाऊ म्हणाला. "तो तर आपला बाप बी खात होता. म्यां हासलो."

ते हसणं मालकाला झोंबलं. तो म्हणाला, "लय पाय फुटले रे तुले." मग एका मुलाने भावाला मागून कवळ घातली आणि खाली पाडलं, दुसरा त्याच्या छातीवर बसला. म्हाताऱ्या मालकाने बंडीची उभारी उपसली. त्याचं वय सत्तरच्या पुढे असेल. भाऊ सांगत होता की म्हाताऱ्याने आधी त्याचा पाय धुऱ्याच्या दगडावर नीट आडवा ठेवून घेतला, लाकूड फोडायला ओंडका ठेवतात तसा, आणि मग मारलं. बायको विळा घेऊन धावली तर छातीवर बसलेल्याने उठून तिला केसाला धरून सरीत फेकलं. तोंड मातीत असताना तिने फटके मोजले. चार. तिसऱ्याला तुराटी मोडल्यासारखा आवाज आला. चौथा कशाला मारला, हे तिला अजून कळलेलं नाही.

मला शाळेत फोन आला. मी पोचलो तेव्हा तो दवाखान्याच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर होता. गुडघा छताकडे पाहत होता आणि पाऊल भिंतीकडे. नडगीच्या मधोमध कातडं फाटून हाडाचं टोक बाहेर आलं होतं, त्याला कापसाच्या बोंडाची फोलपटं चिकटली होती. मी ती बोटाने काढायला गेलो तर नर्स ओरडली. तिथे मला पहिल्यांदा मालकाचा गळा दाबावासा वाटला. वाटला म्हणजे मनात आला असं नाही, माझे अंगठे दुखायला लागले.

हाडांची डॉक्टर एक तरुण बाई होती. तेलुगू मुलखातली, आमच्याशी हिंदीत बोलायची. तिने एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं की हाडाच्या पोकळीतून, गुडघ्याकडून घोट्यापर्यंत, सळई घालावी लागेल. मग ती माझ्याकडे वळली. मी शर्टाच्या खिशाला पेन लावलेला, काखेत पुस्तक धरलेला माणूस होतो, म्हणून असेल.

"सर, हमारे यहाँ एक स्टडी चल रही है," ती म्हणाली.

तिने समजावलं ते मला तेव्हा चांगलं कळलं. नडगीत सळई घातल्यावर काही डॉक्टर रुग्णाला दीड महिना पाय टेकू देत नाहीत. काही म्हणतात, पहिल्याच आठवड्यापासून थोडा थोडा टेकू द्या, हाड लवकर जुळतं. कोण बरोबर, हे नुसत्या अनुभवावरून सांगता येत नाही. म्हणून बंद लिफाफे केलेले होते. रुग्णाच्या नावाने जो लिफाफा निघेल त्यात लिहिलं असेल तसं करायचं, आणि पुढे सगळ्यांच्या पायांचं काय झालं ते ताडून पाहायचं. डॉक्टरनेही आपल्या मर्जीने निवडायचं नाही. मला हे आवडलं. माणसाच्या मर्जीवर काही ठेवलेलं नाही, हे त्या दिवशी मला फार न्यायाचं वाटलं.

भावाला मी मराठीत सांगितलं. दुखण्याने त्याचे ओठ पांढरे पडले होते, तरी तो म्हणाला, "वावराचे वाटे बी चिठ्ठीवरच पडते ना? मंग पायाचा बी पडू दे." त्याने सही केली. साक्षीदार म्हणून मी केली.

शस्त्रक्रिया चालू असताना मी बाहेर बाकावर पुस्तक उघडून बसलो. दार बंद होतं पण आवाज येत होता. आधी मोटरीची घरघर, मग हातोडा. लोखंडावर लोखंड. मला वाटत होतं की दवाखाना म्हणजे मऊ हातांचं काम. आत माझ्या भावाच्या हाडात सळई ठोकत होते, आणि प्रत्येक ठोक्याला माझी दाढ दुखत होती. मोडायला चार फटके लागले होते. जोडायला किती लागले, ते मी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

लिफाफा लवकर टेकण्याचा निघाला.

चौथ्या दिवशी डॉक्टर भावाच्या कॉटपाशी आली. मी वाचत बसलो होतो. ती म्हणाली की घरी काय करायचं याचा कागद तेलुगूत आणि इंग्रजीत आहे, पण सीमेकडून येणाऱ्या तिच्या कितीतरी रुग्णांना मराठीच वाचता येतं. तुम्ही मास्तर आहात, कराल का? मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. भाऊ आडवा पडलेला, गुन्हेगार मोकळे, पोलीस तेलुगूत लिहिलेल्या तक्रारीवर माझी सही घेऊन गप्प बसलेले. माझ्या हातून होण्यासारखं एवढं एकच काम समोर आलं होतं.

मी तीन तास घेतले. बाकी कागद सोपा होता: जखम ओली करू नका, ताप आला तर या. अडलं ते एका वाक्यावर. इंग्रजीत तिथे लिहिलं होतं की रुग्णाने दुखऱ्या पायावर अमुक इतका भार पेलत चालावं. मी आधी लिहिलं, "शस्त्रक्रिया झालेल्या पायाने वीस किलोपर्यंत अंशतः भारवहन करावे." वाचून पाहिलं. मला माझ्या भावाचा चेहरा दिसला. भारवहन! त्याने मला शिवी दिली असती. मी ते खोडलं. मास्तर म्हणून वीस वर्षं मी मुलांना सांगत आलो आहे की सोपं लिहा. मी लिहिलं: "दिवसातून तीन वेळा, पंधरा मिनिटे, पायावर वीस किलो वजन द्यावे. दोन आठवड्यांनी वजन हळूहळू वाढवावे."

अवघड शब्द ठेवला असता तर त्याने मला त्याचा अर्थ विचारला असता. सोपा शब्द कोणी विचारत नाही.

डॉक्टरला मराठी वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "ठीक है ना, सर?" मी म्हणालो, "बिलकुल सादी भाषा है." तिने त्याच्या प्रती काढून घेतल्या.

त्याला घरी सोडायच्या दिवशी व्यायाम शिकवणारा माणूस आला. तो भरभर तेलुगूत बोलायचा. त्याने भावाला वॉकर दिला, चांगला पाय विटेवर आणि मोडका पाय वजनकाट्यावर ठेवायला लावला, आणि काटा विसावर आल्यावर मोठ्याने सांगितलं, "इरवै." बाजारात कापूस विकणाऱ्या माणसाला आकडे कळतात, इरवै म्हणजे वीस. मी तेव्हा औषधं आणायला खाली गेलो होतो. वर आलो तेव्हा भाऊ हसत होता. "मले कापसावाणी तोलून राह्यले, दादा. पायाचं वजन वीस भरलं." मीही हसलो. मला तो विनोद वाटला.

तो गावी गेला. माझ्या शाळेत परीक्षा होत्या, मी रोज सकाळी फोन करायचो. ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"वजन देतो का?"

"देतो ना. तीन डाव."

"दुखतं?"

"दुखते तर लय. जीव जाते. पण देतो."

"थोडं दुखेलच. घाबरायचं नाही. वजन दिल्याशिवाय हाड जुळत नसते."

एकदा तो म्हणाला, "हे म्हणते काऊन इतलं दुखते ते तुमाले इचारा म्हून." हे म्हणजे त्याची बायको. मी म्हणालो, "तिला म्हण, मोठमोठे डॉक्टर अभ्यास करून राह्यले याच्यावर." दोन आठवडे झाल्यावर त्याने विचारलं, "आता वाढवू काय?" मी म्हणालो, "वाढव. पण हळू."

तिसऱ्या रविवारी मी गावी गेलो. दुपार होती. अंगणातूनच वास आला. मेलेल्या उंदराचा येतो तसा, पण गोडसर. आत भाऊ खाटेवर उताणा पडला होता, तोंडात पंच्याचा बोळा कोंबलेला, दोन्ही हातांनी खाटेचा गाता घट्ट धरलेला. मोडक्या पायाखाली उशी होती. नडगीवर घडी घातलेलं पोतं होतं. त्या पोत्यावर लोखंडाचं माप ठेवलेलं होतं, कापूस तोलायचं, वर कडी असलेलं, वीस किलोचं. त्याच्यावर पाच किलोचं आणखी एक.

आमच्याकडे त्या लोखंडाला वजनच म्हणतात. तराजूत वजन टाक, असं म्हणतात. गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याकडे आता इलेक्ट्रिक काटा आला आहे, त्याची जुनी वजनं रिकामी पडलेली असतात. भावाने ती मागून आणली होती.

मी धावत जाऊन ती वजनं ढकलली. वीस किलोचं खाली पडून माझ्या पायाच्या बोटावर आलं, नख उलटलं, ते मला संध्याकाळी कळलं. पोतं जखमेला चिकटलं होतं. मी ओढलं तेव्हा टाके पोत्याबरोबर आले. खाली मापाच्या बुडाएवढा गोल काळा डाग पडला होता, आणि त्याच्या मधोमध कातडं राहिलं नव्हतं. तिथून पू आला. इतका की मला वाटलं पाय आतून रिकामा होतो आहे.

भावाने तोंडातला बोळा काढला. घामाने त्याचे केस डोक्याला चिकटले होते. "पंधरा मिन्टं झाले नव्हते अजून," तो म्हणाला.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. दाराआडून त्याच्या बायकोचा आवाज आला. आमच्या घरांत अजून धाकट्या भावाची बायको भासऱ्याच्या समोर येत नाही, त्याच्याशी सरळ बोलत नाही. काही सांगायचंच असेल तर दाराआडून, भिंतीला सांगितल्यासारखं सांगते. ती म्हणाली, "म्यां रोज म्हणो, भाऊजीले नीट इचारा, हे कसं वजन हाये. हे म्हणे, दादानंच लिव्हलं, दादा चुकन काय? वजन म्यांच उचलून ठेवो. यायच्यानं वाकनं होये ना."

मी त्याला गाडीत घालून परत त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पट्टी सोडली आणि क्षणभर तोंड फिरवलं. मग विचारलं, "क्या हुआ? गिर गए थे क्या?"

भाऊ तापात होता. मी जवळ उभा होतो. मी म्हणालो, "पता नहीं, मैडम. जखम अपने आप खुल गई."

हे मी का बोललो, याची मी स्वतःला बरीच कारणं दिली आहेत. एकच खरं आहे: मला लाज वाटली. तो कागद माझ्या अक्षरातला होता. इलाज तर दोन्हीकडून सारखाच होणार, असं मी मनाशी म्हटलं, आणि तेवढं खोटंही नव्हतं. तिने तिच्या अभ्यासाच्या फायलीत लिहून घेतलं की लवकर पाय टेकलेल्या गटातल्या एका रुग्णाच्या हाडात पू झाला.

पुढचे नऊ दिवस मी थोडक्यात सांगतो. तीनदा त्याला आत नेलं. दर वेळी सडलेलं मांस कापून काढलं, हाड खरवडलं. पट्टी बदलताना दोघांनी त्याचे खांदे दाबून धरायचे, एक मी. उभारी खाताना हसलेला माणूस तिथे गुरासारखा हंबरायचा. सातव्या दिवशी पाय मांडीतून काढायचं ठरलं, पण तोवर पू रक्तात उतरला होता आणि त्याचं अंग तेवढं सोसेल असं राहिलं नव्हतं. आठव्या दिवशी दुपारी तो थोडा शुद्धीवर आला. मला म्हणाला, "दादा, म्यां वजन कमी दिलं काय?"

मी म्हणालो, "नाही रे. बरोबर दिलं तू."

दुसऱ्या दिवशी तो गेला.

त्याच संध्याकाळी पोलीस घरी आले. आधी महिनाभर हालचाल नव्हती, आता साहेब स्वतः आला होता. "अब केस बदल गया, मास्टर," तो म्हणाला. मारामारीत मोडलेल्या पायाने माणूस मेला, म्हणजे तो खून. मालकाला आणि दोन्ही मुलांना रात्रीच उचललं. आमचे सोयरे अंगणात बसले होते, एकाने जमिनीवर हात आपटून म्हटलं, "आता सडू दे तिघाले बी!" मला त्या वाक्याने जी शांतता मिळाली तशी भावासाठी केलेल्या बुद्धवंदनेच्या वेळी मिळाली नाही.

मी पुस्तकं वाचणारा माणूस आहे. शाळेत मुलावर हात उगारलेला नाही. पण त्या अकरा दिवसांत मी डोळे मिटले की मला कोठडी दिसायची. म्हातारा उताणा पडलेला दिसायचा, आणि त्याच्या नडगीवर मी एकेक वजन ठेवत असायचो. वीस. मग पाच. मग पुन्हा वीस. मी ते सावकाश करायचो. मला त्याची गोडी लागली होती. आणि त्या गोडीत एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती: मी तोंड उघडलं, की पाय कशाने नासला हे कागदावर येईल, आणि खून पुन्हा मारामारी होईल. म्हणून मी गप्प होतो. आधी लाजेने गप्प होतो, आता सुडाने.

अकराव्या दिवशी मी मृत्यूचे कागद आणायला दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. शेजारी तिचा नवरा, पायाला पट्टी, इचोड्याला ढाब्यावर स्वयंपाक करणारा. मागे घेणाऱ्या ट्रकने त्याचा पाय दाबला होता. आज घरी सोडणार होते. बाईच्या हातात कागद होता आणि त्यावर माझं अक्षर होतं.

मला मराठी बोलताना ऐकून ती म्हणाली, "भाऊ, तुमी शिकले-सवरले दिसता. हे वाचून सांगा बरं. वजन लोखंडाचंच पायजे का गोट्याचं चालीन?"

मी तिच्या हातातला कागद वाचायला लागलो. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "घरी पाटा हाये ना. तो भरन वीस किलो. पण याच्या पायावर कसा टिकन तो, डुगडुग हालन."

"अवं, पाट्याले दोरी बांधू," नवरा म्हणाला. "तू कायले फिकर करतं?"

मी तिच्या हातातून तो कागद घेतला. तिला सांगितलं की पायावर काहीही ठेवायचं नाही, तुझ्या नवऱ्याने फक्त हळू पाय टेकून चालायचं आहे, जेवढं त्या काट्यावर टेकवून दाखवलं तेवढंच अंग त्या पायावर टाकायचं. ती म्हणाली, "हे तर कोणी सांगितलंच नाई बाप्पा." मग मी आत गेलो.

डॉक्टर टेबलाशी होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वजन या शब्दाचे दोन अर्थ, लोखंडाचं माप, पोतं, माझे फोन, माझं खोटं. हिंदीत सांगत होतो, त्यामुळे ते दुसऱ्याच कोणाचं वाटत होतं.  शेवटी ती म्हणाली, "आपने तभी क्यों नहीं बताया?"

मी म्हणालो, "शर्म से. बाद में गुस्से से."

ती मला रागावली नाही. तिने रजिस्टर काढलं, मराठी कागद दिलेल्या सगळ्यांवर खुणा केल्या आणि फोन माझ्यासमोर सरकवला. माझं बोलणं त्यांना कळणार होतं, तिचं नाही. मी एकेकाला फोन लावला. बहुतेकांना काट्यावरचा अर्थ बरोबर लागला होता. एका घरी तर घरच्यांनी कागद वाचलाच नव्हता. एका म्हातारीने खल ठेवायला सुरुवात केली होती. मी घाबरून विचारलं, "आजी, अजून ठेवता का?"

"हट्!" ती म्हणाली. "दोन रोज ठेवला. दुखे म्हून म्यां फेकून देल्ला. मले का येड लागलं?"

माझ्या भावाने फेकला नाही. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

फोन संपल्यावर डॉक्टर म्हणाली की तिला हे अभ्यासाच्या कागदांत लिहावं लागेल. नाहीतर पाय लवकर टेकल्याने हाड सडतं असा निष्कर्ष निघायला हा एक पाय हातभार लावील, आणि पुढे कित्येक माणसं विनाकारण दीड महिना खाटेवर पडतील. "और पुलिस पूछेगी तो उनको भी बोलना पड़ेगा," ती म्हणाली. मला माहीत होतं. मी म्हणालो, लिहा. माझं खोटं बोलणंही लिहा. तिने लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि मी खाली सही केली.

गावी जाऊन मी दारापाशी उभा राहिलो आणि आतल्या अंधाराला सगळं सांगितलं.  मग भावजय म्हणाली, "मंग सुटतीन ते?"

"सजा होईल. पण खुनाची बहुतेक नाही."

"मले इचारलं असतं तर म्यां सांगाच म्हटलं असतं," ती म्हणाली. "लोकाच्या पायावर काऊन ठेवू द्यावं वजन? पण तुमी इचारलं नाई. तवाच्या टायमाले बी म्यां म्हणून राह्यली होती का काही चुकून राह्यलं. तवा बी नाई इचारलं. यायले सांगे तुमी, मोठमोठे डॉक्टर हायेत म्हून." मग भांडं जोरात आदळल्याचा आवाज आला, आणि पुन्हा एकदा, आणि पुन्हा. ती मला मारत नव्हती. मला मारायचं तर तिला समोर यावं लागलं असतं, म्हणून ती पितळेची घागर भिंतीवर आपटत होती. घागरीला पोचा पडेपर्यंत मी तिथे उभा राहिलो. त्या दिवसापासून ती माझ्याशी दाराआडूनही बोललेली नाही.

तिघांना जामीन मिळाला. खटला चालू आहे, तारखा पडतात.

गेल्या महिन्यात मी भीमपूरच्या स्टँडवर आदिलाबादच्या गाडीची वाट पाहत होतो. भर बाजाराचा दिवस. मागून कोणी खांद्यावर हात ठेवला. तो म्हातारा मालक होता. तुरुंगात वाळला होता, पांढरी दाढी वाढली होती. मी काही समजायच्या आत त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"मास्तर," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. "तुमी खरं बोलले म्हून पोरं घरी आले माये. तुमच्या बापानं बी आमचं मीठ इमानानं खाल्लं. या, चहा घेऊ."

मी हात सोडवून घेतले आणि त्याच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून त्याला ढकललं. जेवढी शक्ती होती तेवढ्याने. तो मागे गेला, टोपलीवाल्या बाईच्या वांग्यांवरून घसरला आणि सिमेंटच्या ओट्यावर हातावर पडला. लोक धावले. कोणी मला धरलं, कोणी त्याला उचललं. त्याचं मनगट हलवून पाहिलं, बोटं मिटून-उघडून पाहिली. तो म्हणत होता, "राहू द्या, राहू द्या, मास्तराचा हक्क हाये."

मनगटाला काही झालं नव्हतं. तो पडला त्या क्षणी मी कान देऊन ऐकत होतो. तुराटीसारखा आवाज येतो का, याची वाट पाहत होतो. तो आला नाही, आणि मला वाईट वाटलं.